बादलीतली पिशवी

बरणीमामांना छातीतलं काहीही विचारा, अगदी झोपेतून उठवून विचारा. कितवी बरगडी कशाला चिकटलेली, अन्ननलिका हृदयाच्या पुढून जाते की मागून, डावं फुप्फुस उजव्यापेक्षा लहान का; मामा हातातला चहा खाली न ठेवता उत्तर देणार. मेडिकल कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस! कागदोपत्री ते हॉलचे मदतनीस. म्हणजे देह टेबलावर घ्यायचे, ते टिकवणारं फॉर्मालिन बदलायचं, बरण्या पुसायच्या आणि मुलं गेली की बादल्या धुवायच्या. पण प्रोफेसरांना वर्गात दाखवायला नीट सोडवलेलं हृदय हवं असलं की ते इकडेतिकडे बघून चाकू मामांच्याच हातात द्यायचे. मामाही असं हृदय काढून द्यायचे की एका रक्तवाहिनीला ओरखडा नाही. वर पुन्हा श्रेय मागायचे नाहीत. भोळसट माणूस, दुसरं काय.

त्या हॉलची एक रीत होती. कुणी पाडली ते ठाऊक नाही, पण पडली ती पडली. हृदय काही छातीत उघडंवाघडं लटकत नसतं. त्याच्याभोवती एक पिशवी असते, पांढुरकी, चिवट, खालून श्वासाच्या पडद्याला घट्ट चिकटलेली आणि वरून मोठ्या रक्तवाहिन्यांना बिलगलेली. पण मुलांना घाई हृदयाची! पिशवीला एक उभी चीर, दोन आडव्या, की आलं हृदय हातात आणि गेली पिशवी बादलीत. परीक्षेत तिच्यावर फार तर दोन मार्कांचा प्रश्न. मामांच्या कपाटात बेचाळीस हृदयं होती, नुसत्या झडपांच्या अकरा बरण्या होत्या, पिशवी मात्र एकही नव्हती. ती ठेवायची असते हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आणि अशा माणसाच्या घरात छातीचं दुखणं निघालं.

मामी दवाखान्यासाठी उशांचे अभ्रे आणि पेशंटचे झगे शिवायच्या. अंगाने भरलेल्या, बोलायला मोकळ्या; पायाखाली मशीन चालू असलं की तोंडही चालू. दोन महिन्यांपूर्वी हे तोंड मधूनमधून थांबायला लागलं. दहा मिनिटं मशीन मारलं की दम, जिना चढला की दम, आडवं पडलं की खोकला. "वय झालं हो," त्या म्हणायच्या, "मशीनचंही आणि माझंही. त्याला निदान तेल तरी घालता येतं."

एका सकाळी मामांनी त्यांना पलंगावर बसवलं आणि त्यांच्या छातीला कान लावला. बराच वेळ लावला. आत आवाज होता, पण तिसऱ्याच घरात कुणी दार वाजवावं तसा, लांबून. मामांनी डोकं वर केलं आणि तोंडभरून सांगितलं, "शांत आहे. एकदम शांत. काळजीचं काही नाही."

आता याला काय म्हणावं! उभा जन्म ज्याने हृदयं हाताळली, त्याची सगळीच्या सगळी हृदयं गप्प होती. गप्प हृदय म्हणजे नीट हृदय, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की त्यात काही चुकतंय अशी शंकासुद्धा मनाला शिवली नाही. मग रोज सकाळी कान, रोज 'शांत आहे', आणि रोज तो आवाज कालच्यापेक्षा जरा आणखी लांब. मामी तर खूश! शेजारणीने डॉक्टरकडे जा म्हटलं की हात उडवून सांगायच्या, "आमच्या ह्यांनी स्वतः कान लावून बघितलंय. यांच्याइतकी हृदयं बघितलीत का कुणी?" असे तीन आठवडे गेले.

मग पाय सुजले. पोट फुगलं. मानेच्या शिरा वर आल्या. तेव्हा कुठे मामांनी त्यांना हॉलच्या समोरच्याच इमारतीत, बायकांच्या वॉर्डात आणून टाकलं. मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. छातीच्या मधोमध एक भली मोठी सावली, वर निमुळती, खाली दोन्हीकडे ओघळलेली. "हृदय वाढलंय मामा," ते म्हणाले. "दमलंय बिचारं. म्हणून अंगात पाणी साठतंय. पाणी काढून टाकायची इंजेक्शनं देऊ, लघवीवाटे निघून जाईल." पडद्यावर हृदय हलताना दाखवणारं मशीन दुरुस्तीला गेलेलं होतं, ते आलं की तपासू म्हणाले. मोठे डॉक्टर वाईट नव्हते हो, पण त्यांना एका सकाळी चाळीस पेशंट बघायचे असायचे. मामांनी मान डोलावली. मोठ्या माणसाने सांगितलं की मान डोलवायची, एकतीस वर्षांची सवय.

इंजेक्शनांनी पाणी निघालं. मामी मात्र सुधारायच्या सोडून खालावल्या. तिसऱ्या दिवशी संडासाच्या दाराशी चक्कर येऊन पडल्या. चौथ्या दिवशी सकाळी त्यांचे ओठ काळसर दिसायला लागले आणि बोलणं तुटक झालं. आडवं झोपवलं की गुदमरायच्या, म्हणून तीन उशा लावून अर्धवट बसवलेलं. अशातही अंगावरचा झगा चिमटीत धरून म्हणाल्या, "हा मीच शिवलेला. काखेत... दोरा सुटलाय बघा. देऊ नका कुणाला असा."

"गप्प बस गं," मामा म्हणाले. "तू बरी हो. मग सगळे झगे उसवून परत शीव."

सिस्टरने त्यांना बाहेर काढलं. "तुम्ही इथे बसून काय करणार मामा? साहेब ऑपरेशनमध्ये आहेत, अकराला येतील. तुमचं काम आटपून या." आणि दहाच्या वर्गाला छाती लागणार होती हे खरंच होतं. मामा हॉलमध्ये आले ते नुसते पायांनी आले. हातांनी आपणहून काम चालू केलं. टेबलावरच्या देहाच्या बरगड्या उचलल्या, फुप्फुसं दोन्हीकडे सारली. आज पिशवी चिरायचंही त्यांना सुचलं नाही. वरून रक्तवाहिन्यांशी सोडवली, खालून पडद्याच्या तुकड्यासकट कापली, हृदय वरच्या तोंडाने काढून घेतलं आणि अख्खी पिशवी बादलीत टाकली.

बादली नळाखाली होती आणि तो नळ गेली दोन वर्षं बारीक धारेने गळत होता. मामा हृदय पुसून ट्रेमध्ये ठेवेपर्यंत पाच-दहा मिनिटं गेली असतील. हात धुवायला वळले तर पिशवीचं तोंड बादलीच्या कडेला अडकून उघडं राहिलेलं, आणि नळाचं पाणी थेट आत. पिशवी भरत आली होती. वर निमुळती, खाली दोन्हीकडे ओघळलेली.

मामा बघतच राहिले. हा आकार त्यांनी तीन दिवसांपूर्वीच बघितला होता. उजेडावर धरलेला.

त्यांनी ट्रेमधलं हृदय उचललं आणि त्या भरलेल्या पिशवीत सोडलं. पाणी काठावरून सांडलं. पिशवीचं तोंड त्यांनी मुठीत आवळलं, दुसऱ्या हाताने बाहेरून चाचपलं. आत हृदय होतं, पण ते बोटांना लागतच नव्हतं, इतकं पाणी मध्ये. ते वाढलेलं नव्हतं. होतं तेवढंच होतं. मोठी झाली होती ती पिशवी! आणि मामींच्या छातीत अशाच पाण्यात ते बिचारं हृदय ठोके देत असणार, आणि बाहेर ऐकू येत असणार तिसऱ्या घरात दार वाजवल्यासारखं.

'शांत आहे.' कोण म्हणालं होतं? रोज सकाळी, तोंडभरून?

मामांनी हृदय काढून परत ट्रेमध्ये ठेवलं, पिशवीतलं पाणी ओतलं, ती ओलीच्या ओली ॲप्रनच्या खिशात कोंबली आणि पळत सुटले. छप्पन्न वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरणारा, पण असा पळाला की दारात वर्गाची मुलं भिंतीला चिकटली. मागून प्रोफेसरांची हाक आली, "मामा, छाती तयार आहे ना?" एकतीस वर्षांत पहिल्यांदा मामांनी त्यांना उत्तर दिलं नाही.

वॉर्डात सिस्टर मामींच्या दंडाशी वाकली होती. हातात पाणी काढायच्या इंजेक्शनची सिरिंज.

"थांबा! सिस्टर, देऊ नका ते!"

"अहो मामा, ओरडताय काय? वॉर्ड आहे हा! आणि हा वास कसला? हात तरी धुऊन यायचं!"

"तिचं हृदय मोठं नाहीये. पिशवी भरलीये. पिशवी!"

सिस्टरने त्यांच्याकडे असं बघितलं की याचं डोकं ठिकाणावर आहे ना. तिचाही दोष नव्हता. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, हात कोपरापर्यंत ओले आणि तोंडाने पिशवी पिशवी. "साहेबांनी लिहून दिलंय," ती म्हणाली. "साहेब आले की त्यांना सांगा. मी काय करू?"

तेवढ्यात टोकाच्या खाटेकडून ज्युनियर डॉक्टर आली. मामा तिला ओळखत होते. पहिल्या वर्षाला हॉलमध्ये पहिल्याच दिवशी ती टेबलाशी उभ्याउभ्या कोसळली होती आणि मामांनी तिचं नाव भोवळ ठेवलं होतं. पुढे वर्षभर मामांच्याच शेजारी उभं राहून तिने छाती शिकली. आता गळ्यात स्टेथोस्कोप होता, डोळ्यांखाली काळं होतं, पण मामांसाठी ती भोवळच.

"काय झालं मामा?"

मामांनी खिशातून पिशवी काढली आणि सिस्टरच्या औषधांच्या टेबलावर ठेवली. सिस्टर किंचाळली. मामांनी तिकडे लक्षच दिलं नाही. "ही अशी भरते," ते म्हणाले. "आत्ता बघितलं मी. एक्स-रेमध्ये आहे ती ही आहे, हृदय नाही. आणि डॉक्टरबाई, आवाज लांब गेलाय. मोठं हृदय असतं तर आपटलं असतं ना छातीवर? हे लांब लांब जातंय."

भोवळने स्टेथोस्कोप लावला. इकडे लावला, तिकडे लावला. भुवया आवळल्या. मानेच्या फुगलेल्या शिरा बघितल्या. मग मनगट धरलं. "मामी, हळूच श्वास आत घ्या." मामींनी घेतला. भोवळचा चेहरा उतरला. "पुन्हा घ्या." तिने मामांकडे बघितलं. "श्वास आत घेतला की नाडी नाहीशीच होतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही म्हणता तेच. पाण्याने हृदय बाहेरून आवळलंय, त्याला भरायला जागाच नाही. आणि आपण वरून अंगातलं पाणी काढतोय, म्हणजे भरायला येत होतं तेही कमी केलं." तिने सिस्टरच्या हातातली सिरिंज घेऊन ट्रेमध्ये टाकली. "मामा, आवाज लांब गेलाय हे तुम्हाला कधीपासून माहीत?"

हा प्रश्न येणार हे मामांना पळतानाच माहीत होतं. "तीन आठवडे," ते म्हणाले. "त्याहून थोडं जास्तच. रोज ऐकत होतो मी. मी म्हणायचो, शांत आहे."

भोवळने परत मनगट धरलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, मामांना वाटलं.

सिस्टरने ऑपरेशन थिएटरला फोन लावला. पलीकडून निरोप आला, साहेबांचे हात आत आहेत, वीस मिनिटं थांबा. वीस मिनिटं! भोवळने मनगट सोडलं नव्हतं. मामींचे डोळे मिटत होते, उघडत होते. त्या झग्याच्या शिवणीवरून बोट फिरवत पुटपुटत होत्या, काय ते कळत नव्हतं. मग बोटही थांबलं.

"नाडी जातेय," भोवळ म्हणाली. "सिस्टर, पाठीच्या कण्यात टोचायची लांब सुई आणा. मोठी सिरिंज, वाडगं, जंतुनाशक. आणि मामींना अशाच बसत्या ठेवा." बोलली धडाधड, पण हातमोजे घालताना एक बोट दुसऱ्याच खाचेत गेलं. तिने मामांना बाजूला ओढलं. "मी हे कधी केलेलं नाही. बघितलंय, एकदाच, लांबून."

"मी केलंय," मामा म्हणाले.

"मेलेल्यांवर, मामा!"

"हो, मेलेल्यांवर. शिकणाऱ्या डॉक्टरांना जागा दाखवायला, शंभरदा. जागा तीच असते गं पोरी. ती काही जिवंत माणसाची बदलत नाही."

त्यांनी साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, तरी फॉर्मालिनचा वास गेला नाही. मग त्यांनी आपल्या बायकोच्या छातीचं मधलं हाड वरून खाली चाचपत आणलं. ते जिथे संपतं तिथे एक लवचीक टोक असतं. त्या टोकाच्या आणि डाव्या बरगड्यांच्या मधल्या खोबणीत त्यांनी बोट ठेवलं. कातडी गरम होती. शंभर वेळा इथे बोट ठेवलं होतं, पण कातडी एकदाही गरम लागली नव्हती.

"इथून," ते म्हणाले. "सुई कातडीला अगदी उभी नको, अशी तिरपी. डाव्या खांद्याकडे तोंड. खाली यकृत आहे, म्हणून वरच्या अंगाने, हाडाच्या कडेला धरून. तीन बोटं खोल गेलीस की पिशवी लागेल."

सुई गेली. मामी कण्हल्या. मामांनी डोळे मिटले नाहीत; त्यांना मिटायचे होते, पण मिटून कसं चाललं असतं? भोवळ सिरिंज मागे ओढत ओढत पुढे सरकत होती. एक बोट. दोन बोटं. तीन.

सिरिंज कोरडी.

"काही नाही," भोवळ म्हणाली. कपाळावरून घाम नाकावर आला होता. "मामा, काही नाही."

"काढा ती," सिस्टर म्हणाली. "साहेबांना येऊ दे. काही झालं तर तुमची डिग्री जाईल डॉक्टर, आणि बाईही जाईल."

तीन बोटं म्हणजे तीन बोटं, मामांनी कधी चुकताना बघितलं नव्हतं. आणि मग त्यांना लख्ख कळलं. तीन बोटं कुणाची? वर्षवर्ष फॉर्मालिनमध्ये पडून सुकलेल्या, चेपलेल्या, चरबी आटलेल्या देहांची! ही तर भरल्या अंगाची बाई, वर पोट फुगलेलं. दुसऱ्यांदा तेच. दुसऱ्यांदा मेलेल्यांचं माप त्यांनी हिला लावलं होतं.

"माझं माप चुकलं," मामा म्हणाले. "माझी माणसं वाळलेली असतात. अजून जा. दीड बोट अजून."

"नक्की?"

"नक्की नाही." काय सांगणार होते दुसरं? "पण ऐक. पिशवी चिवट असते. सुई तिच्यावर आली की अडेल, हाताला कळेल तुला. मग एकदम सुटेल. सुटली की तिथेच थांब, केसभरही पुढे जाऊ नकोस. पुढे हृदय आहे."

सुई सरकली. अर्धं बोट. एक बोट.

"अडली," ती कुजबुजली.

"हळू."

"सुटली."

आणि सिरिंज भरली. लालभडक.

वॉर्डात शेजारच्या खाटेवरची म्हातारी तेवढी खोकत होती. "रक्त आहे मामा," भोवळ म्हणाली. तिचा हात दगडासारखा स्थिर होता. "हृदयात गेले मी? हृदयात गेले असेन तर आणखी ओढून चालणार नाही. आणि पिशवीतलंच असेल तर ओढलंच पाहिजे."

"कसं कळणार?"

"वाडग्यात काढा हे. हृदयातलं ताजं रक्त असेल तर ते थिजतं, काही मिनिटांत. पिशवीत साठलेलं असेल तर लाल असलं तरी थिजत नाही. मी सुई हलवणार नाही. तुम्ही बघा."

सिस्टरने सिरिंज सोडवून लाल द्रव स्टीलच्या वाडग्यात सोडला आणि वाडगं मामांच्या हातात दिलं. मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि वाडगं तिरकं केलं. लाल थेंब एका कडेला धावले. सरळ केलं, परत आले. पुन्हा तिरकं. एक मिनिट. भोवळ वाकलेल्या कमरेने तशीच, दोन बोटांत सुई धरून. दोन मिनिटं. आपण देव मानतो की नाही हे मामांनी कधी ठरवलं नव्हतं. त्या वाडग्यासमोर त्यांनी कुणाकुणाला साकडं घातलं ते त्यांनाच ठाऊक. थिजू नको. थिजू नको रे बाबा. तीन आठवडे मी झक मारली, त्याची शिक्षा मला दे, हिला नको. चार मिनिटं. कडेला एक गडद रेघ दिसली, पण तिरकं करताच रेघ मोडली, वाहून गेली. सहा मिनिटं. मामींच्या खांद्याला आता सिस्टरनेच घट्ट धरलं होतं आणि ती त्यांच्या कानाशी "जागं राहा मामी, जागं राहा" म्हणत होती. सात. आठ.

मामांनी वाडगं उभं म्हणावं इतकं तिरकं केलं. लाल पाणी काठाशी आलं, डुचमळलं, एक थेंब बाहेर सांडला आणि फरशीवर पसरला. पाण्यासारखा पसरला.

"नाही थिजलं," मामा म्हणाले. "पोरी, ओढ. ओढ!"

भोवळने ओढलं. दुसरी सिरिंज, तिसरी, चौथी. पाचव्या सिरिंजला मानेच्या शिरा खाली बसायला लागल्या. सातवीला भोवळच्या दुसऱ्या हाताचं बोट मनगटावर होतं आणि ती एकदम म्हणाली, "आली." अकरा सिरिंजा निघाल्या. वाडगं भरलं, सिस्टरने दुसरं आणलं. मामींच्या ओठांवरचा काळेपणा विरत गेला, आणि त्यांनी डोळे उघडून पहिलं काय बघितलं असेल तर तो झगा.

"डाग पडला का?" त्या म्हणाल्या.

मोठे डॉक्टर आले तेव्हा सुईच्या जागी बारीक नळी बसवून झाली होती. त्यांनी वाडगी बघितली, नाडी बघितली, छाती तपासली. औषधांच्या टेबलावरची ती ओली पांढुरकी वस्तू बघून विचारलं, "हे काय आहे?"

"पिशवी, साहेब. हॉलमधली. बादलीतली."

मोठ्या डॉक्टरांनी ती उचलून उजेडात धरली, एक्स-रे धरतात तशी. मग म्हणाले, "माझ्या लक्षात यायला हवं होतं." आणि पिशवी खाली ठेवून म्हणाले, "मामा, वाचल्यात त्या. आजपुरत्या तरी. पिशवी कशाने भरली ते अजून माहीत नाही. क्षय असेल, दुसरंही काही असेल. परत भरू शकते. रोज लक्ष ठेवावं लागेल."

परत भरू शकते. ते तीन शब्द घेऊन मामा खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. दुपार झाली, वॉर्डातली गर्दी पांगली. मामी उशांना टेकून पडल्या होत्या, थकलेल्या, पण श्वास चालत होता तो माणसासारखा.

"ऐका ना," त्या म्हणाल्या. "बघता का कान लावून?"

मामांना नको होतं. हा कान आता कुठेही लावायची त्यांना भीती वाटत होती. पण मामींनी हात धरून ओढलं, तेव्हा नळीला धक्का लागू न देता ते वाकले आणि छातीला कान टेकवला. आणि दचकून मागे झाले. तिसरं घर नाही, शेजारचं घर नाही. कुणी त्यांच्याच दारावर मुठी आपटत होतं.

"काय हो? शांत आहे ना?"

"नाही," मामा म्हणाले. "नुसता धिंगाणा घातलाय मेल्याने."

"मग? गप्प करू का त्याला?"

"नको गं! नको!" मामांना रडू आवरेना. तोंडावर हात दाबला तर हाताला फॉर्मालिनचा वास. "मी चुकलो गं. तीन आठवडे तुला चुकीचं सांगत राहिलो. रोज ऐकत होतो आणि रोज चुकीचं सांगत होतो. आणि पिशवी परत भरेल म्हणतात. भरली तर?"

मामींनी डोळे मिटून घेतले. मामांना वाटलं, झोप लागली. पण त्या मिटल्या डोळ्यांनीच बोलल्या.

"मग रोज ऐकायचं. उठल्याबरोबर, चहाच्या आधी. आणि जरा लांब गेलं असं वाटलं तर तसंच्या तसं सांगायचं, मला बरं वाटावं म्हणून काही सांगायचं नाही. शांत आहे म्हणालात तर याद राखा."

"नाही म्हणणार."

"मग लावा परत. मघाशी नीट ऐकलं नाहीत."

मामांनी डोळे पुसले, परत वाकले आणि कान लावला.